शेवटच्या चाकामागे : मार्वे–मनोरी–उत्तन, सहावा रविवार

या रविवारी पहिल्यांदाच स्वीप होतो, म्हणजे सायकल ग्रुपच्या अगदी शेवटी राहायचं आणि कुणालाही मागे सोडायचं नाही. गेले पाच रविवार मी पुढच्याचं चाक धरायला, म्हणजे वारा लागू नये म्हणून त्याच्या अगदी मागे राहायला शिकत होतो, म्हणून हे काम मागून घेतलं. एकूण अकराजण होतो.

सहाला बोरिवलीहून निघालो आणि मार्वेच्या जेट्टीवर पोचेपर्यंत उजाडलं. ओहोटी असल्याने उतारावर शेवाळ उघडं पडलं होतं. रोड शूजवाल्यांनो, तिथे क्लीटला (तळव्याची पेडलमध्ये अडकणारी पट्टी) कव्हर लावल्याशिवाय पाऊल टाकू नका. सायकली हातोहात फेरीबोटीत चढवल्या आणि काही मिनिटांत पलीकडे मनोरीला उतरलो. एवढ्याशा खाडीने किती फरक पडतो! अलीकडे रिक्षांचे हॉर्न, पलीकडे ताडाची झाडं, वळणावळणावर पांढरे क्रूस आणि अरुंद, शांत रस्ता. गोराईपर्यंत सगळे एका लयीत चालले होते. उजवीकडे विपश्यना पॅगोडाचा सोनेरी घुमट बराच वेळ सोबतीला होता.

गोराईनंतर उत्तरेचा गार वारा थेट तोंडावर यायला लागला. ताशी २८ किलोमीटरच्या वेगाला बहुतेक ताकद हवा कापण्यातच जाते. चाक नीट धरलं तर साधारण पाव ते एक तृतीयांश मेहनत वाचते. माझ्या घड्याळात एकटा पुढे असताना हृदयाचे ठोके १५८ होते, त्याच वेगाला रांगेत १३९. मात्र त्यासाठी पुढच्या चाकापासून हातभर अंतर राखायचं आणि नजर चाकावर नाही, पुढच्याच्या खांद्यांवर ठेवायची. चाकाकडे टक लावून बसलं की ब्रेक उशिरा लागतो. पहिले तीन रविवार मी नेमकी हीच चूक करत होतो.

उत्तनच्या अलीकडे, बांबूंवर बांधलेल्या दोऱ्यांवर बोंबील वाळत होते, दोन-दोन एकमेकांच्या जबड्यात अडकवलेले. तिथेच नवीन आलेल्या ताईंचं मागचं चाक पंक्चर होऊन बसलं. शिट्टी दिली, हाक पुढे पोचली आणि कॅप्टनने ग्रुप पुढच्या नाक्यावर थांबवला.

ट्यूब बदलायला मला अकरा मिनिटं लागली. त्यातली पाच कारण शोधण्यात गेली आणि ती वाया गेली असं मी मुळीच मानत नाही. ट्यूब बाहेर काढल्यावर टायरच्या आतून बोटं फिरवण्याआधी फडकं फिरवा. फडकं जिथे अडकेल तिथे गुन्हेगार. व्हॉल्व्हपासून वीतभर अंतरावर ते अडकलं : केसाएवढी बारीक तार, ट्रकच्या फाटक्या टायरमधून रस्त्यावर पडते तशी. ती चिमट्यानेच निघाली. ती तशीच राहिली असती तर नवी ट्यूब भाईंदरपर्यंतही टिकली नसती. हातपंपाने हवेचा दाब ६० पीएसआयच्या वर काही जाईना, पण ताईंच्या २८ मिलिमीटर रुंद टायरला घरी पोचायला तेवढं पुरे होतं.

आपल्यामुळे सगळे खोळंबले म्हणून ताई फार ओशाळल्या होत्या. त्यांना म्हटलं, "ताई, स्वीप त्यासाठीच असतो. तुम्ही फक्त माझं चाक धरा." नियमाप्रमाणे स्वीपने मागेच राहायचं, पण त्या वाऱ्यात थकलेल्या माणसाच्या मागे राहून काय उपयोग? मी पुढे झालो आणि ताशी १९ वर स्थिर राहिलो. खांद्यावरून मागे वळलं की हँडल त्याच बाजूला जातं, म्हणून मान खाली घालून काखेखालून मागे पाहायचं. हे मी घरी ट्रेनरवर (सायकल जागच्या जागी चालवायचा स्टँड) दोन आठवडे घोटलं होतं, रस्त्यावर पहिल्यांदा जमलं. त्यांचं पुढचं चाक दिसेनासं झालं की एक गिअर हलका करायचो, पण पेडल मारणं थांबवायचं नाही. थांबलं की मागच्याला दचका बसतो.

ग्रुप गाठल्यावर चहा, सोबत खारी. उत्तनजवळच्या चौक गावात धारावी किल्ल्यावर जायचं मात्र राहिलं. वसईच्या मोहिमेत १७३९ मध्ये मराठ्यांनी जिंकलेली ती जागा सायकल टेकवून निवांत पाहण्यासारखी आहे. पुढे डोंगरी, मोरवा, राई, मुर्धा, मग भाईंदर आणि काशिमीऱ्यावरून हायवेने परत. आता वारा पाठीशी होता.

एकूण ४६ किलोमीटर, सरासरी वेग ताशी २१.४. गेल्या रविवारपेक्षा कमी, तरी वहीत मी या राइडपुढे लाल तारा काढला आहे. संध्याकाळी ताईंचा मेसेज आला : टायर उलटा करून पाहिला, आणखी एक तार सापडली. पुढच्या रविवारी त्या चिमटा घेऊन येणार आहेत.