बडोद्याच्या गोदामात फिक्स्ड आरएफआयडी रीडर: पाहणीचा वृत्तांत

फिक्स्ड रीडर, म्हणजे मालावरचे आरएफआयडी टॅग (रेडिओलहरींनी वाचले जाणारे क्रमांकाचे बिल्ले) अँटेनातून टिपणारं, एका जागी बसवलेलं यंत्र, घ्यायचं म्हटलं की पहिला प्रश्न ठरलेला असतो: किती लांबून वाचतो? मकरपुऱ्याच्या गोदामात रीडर टांगून पाहून आल्यावर माझं मत पक्कं झालंय. गोदामाच्या दारावर खरी अडचण असते ती नको ते वाचलं जाण्याची. ज्यांना बडोद्यात किंवा आणखी कुठे अशी पाहणी करायची आहे, त्यांच्यासाठी हे जरा सविस्तर लिहितोय.

मुंबईहून बडोदा रेल्वेने साधारण ३९० किलोमीटर. सकाळची गाडी धरली तर जेवणाच्या वेळेपर्यंत पोहोचता येतं. रीडर, दोन अँटेना, केबलचं वेटोळं आणि स्टँड एवढं सामान सोबत असेल तर रेल्वेच बरी. माझा मुक्काम दांडिया बाजारात आत्याकडे होता. त्या भागात मराठी सहज कानावर पडतं. मकरपुऱ्याच्या जीआयडीसीत (औद्योगिक वसाहतीत) हमालांशी बोलायला मात्र गुजराती किंवा हिंदी लागते. तारखा ठरवताना १४ आणि १५ जानेवारी टाळा, उत्तरायणात सगळं गाव गच्चीवर असतं. दिवाळी ते लाभपाचम हा काळही टाळा. नवरात्रात गरबा रात्री उशिरापर्यंत चालतो, त्यामुळे सकाळच्या चाचणीला माणसं मिळवणं कठीण जातं.

गोदाम इलेक्ट्रिकल मालाचं. स्विचगिअरचे खोके, दिव्यांची फिटिंग, केबलचे ड्रम आणि ट्रान्सफॉर्मर ऑइलची पिंपं. शेजारी शेजारी दोन शटर, एकातून माल येतो, दुसऱ्यातून जातो. घाई असली की दोन्हींतून दोन्ही. गोदामाचा कारभार ज्यांच्याकडे आहे त्यांना सगळे नाना म्हणतात. मी रीडरच्या पल्ल्याबद्दल सांगत होतो तेव्हा ते शांतपणे म्हणाले, "अहो, इतक्या लांबचं वाचत असेल तर रॅकवर ठेवलेला मालही गेला म्हणून दाखवेल की तो." पुढची सगळी पाहणी या एका वाक्याभोवती फिरली.

सुरुवात कायद्यापासून करा. भारतात यूएचएफ आरएफआयडीसाठी, म्हणजे अशा लांबून वाचणाऱ्या रीडरसाठी, २००५ पासून ८६५ ते ८६७ मेगाहर्ट्झ हा पट्टा विनापरवाना खुला आहे. २०२१ मध्ये तो ८६८ पर्यंत वाढवला. प्रेषकाची शक्ती जास्तीत जास्त १ वॉट आणि अँटेनातून बाहेर पडणारी परिणामी शक्ती ४ वॉट, ही मर्यादा. अमेरिकेसाठी बनवलेले रीडर ९०२ ते ९२८ मध्ये चालतात आणि ते इथे चालत नाहीत. परदेशातून स्वस्तात मागवलेल्या यंत्राचा प्रदेश (कुठल्या देशाच्या पट्ट्यात चालायचं ते) बऱ्याचदा कारखान्यातच पक्का केलेला असतो, सॉफ्टवेअरमधून बदलता येत नाही. म्हणून विक्रेत्याकडून दूरसंचार विभागाच्या डब्ल्यूपीसी शाखेची उपकरण-मान्यता आधी मागा, मग किमतीचं बोला.

केबलकडे फार कमी लोक लक्ष देतात. रीडर ऑफिसात आणि अँटेना दारावर, मध्ये १० मीटर बारीक आरजी-५८ केबल अशी जोडणी केली तर साधारण ५ डीबी वाटेतच जातात, म्हणजे दोन तृतीयांश शक्ती अँटेनापर्यंत पोहोचतच नाही. एलएमआर-४०० सारखी जाड केबल तेवढ्याच अंतरात १.३ डीबीच्या आसपास गमावते. त्याहून चांगलं म्हणजे रीडरच दाराजवळ बसवायचा आणि त्याला नेटवर्कच्या तारेतूनच वीज द्यायची. इम्पिन्ज आर७०० आणि झेब्रा एफएक्स९६०० हे दोन्ही रीडर तसे चालतात. आर७०० ला चार अँटेना जोडता येतात. एफएक्स९६०० चार आणि आठ अशा दोन्ही रूपांत मिळतो. दोन शटर आणि प्रत्येकी चार अँटेना असतील तर एका आठवाल्यावर भागतं, पण तो बंद पडला तर दोन्ही दारं एकदम आंधळी होतात. मी नानांना दारागणिक स्वतंत्र रीडर सुचवला.

आता मालाबद्दल. पाणी लहरी शोषून घेतं, धातू परतवतो, हे सगळेच सांगतात. पण तेलाचं काय? ट्रान्सफॉर्मर ऑइल पाण्यासारखं लहरी शोषत नाही; अडथळा पिंपाच्या पत्र्याचा असतो. साधं कागदी लेबल पिंपावर चिकटवलं की ते जवळजवळ मुकं होतं. तिथे धातूवर चालणारे जाड टॅगच लागतात. केबलच्या लाकडी ड्रमवर साधा टॅग चालतो, पण बाहेरच्या लाकडी कडेवर लावला तर. आत तांब्याच्या वेटोळ्यालगत लावला तर हरवतो. स्विचगिअरच्या खोक्यांत एकाच बाजूचे सगळे टॅग पॅलेटच्या (माल रचायच्या चौकटीच्या) आत तोंड करून रचले की मधले वाचले जात नाहीत. हमालांना लेबल बाहेर ठेवायला सांगणं हा या सगळ्यातला सर्वांत स्वस्त उपाय आहे, आणि तो आधी करून पाहायला हवा.

या पट्ट्यात लहरीची लांबी साधारण ३५ सेंटिमीटर. पत्र्याच्या शटरवरून आणि छपरावरून परावर्तन होतं, तेव्हा काही जागी सिग्नल आपोआप कटतो आणि वीतभर सरकलं की परत येतो. म्हणून टॅग हातात धरून "इथे वाचतोय, इथे नाही" असा निवाडा करू नका. भरलेली पॅलेट नेहमीच्या चालीने दारातून नेऊनच पाहा.

नानांची शंका खरी ठरली. पूर्ण शक्तीवर आत रॅकमधले टॅगही दिसत होते आणि शेजारच्या शटरसमोर उभी असलेली पॅलेटही. शक्ती हळूहळू उतरवत गेलो तसं रॅकवरचं थांबलं, शेजारचं दार मात्र हटेना. मग अँटेना खाली आणि आत झुकवल्या, त्यांच्या पाठीमागे जाळीचा पडदा धरून पाहिला, आणि दाराच्या आतल्या आणि बाहेरच्या बाजूला प्रकाश-सेन्सर लावून ते रीडरच्या इनपुटला जोडले. आधी आतला सेन्सर अडला आणि मग बाहेरचा, तर माल बाहेर जातोय. सेन्सर अडल्याशिवाय वाचन सुरूच होत नाही, त्यामुळे नुसत्या उभ्या पॅलेटची नोंद थांबली. सिग्नलच्या तीव्रतेवरून दिशा ओळखायचा प्रयत्नही करून पाहिला. धातूच्या गर्दीत त्यावर एकट्याने भिस्त ठेवू नये.

इथेच सेशनची, म्हणजे एकदा वाचलेल्या टॅगने किती वेळ गप्प राहायचं ते ठरवणारी, सेटिंग समजून घ्यायला हवी. सेशन १ मध्ये एकदा वाचलेला टॅग अर्धा ते पाच सेकंद गप्प राहतो; सेशन २ मध्ये सिग्नल मिळत असेपर्यंत आणि नंतरही किमान दोन सेकंद. रॅकवरच्या मोजणीला सेशन २ चांगलं. दारावर मात्र टॅग येताना, मध्ये आणि जाताना असा पुन्हा पुन्हा दिसायला हवा, म्हणून तिथे सेशन ० किंवा १ घ्या.

एक गोष्ट फारसं कुणी सांगत नाही. फास्टॅगही याच पट्ट्यात चालणारा निष्क्रिय, म्हणजे स्वतःची बॅटरी नसलेला, टॅग आहे. छोटा टेम्पो तोंड दाराकडे करून उभा राहिला की त्याच्या काचेवरचा फास्टॅगही नोंदीत येतो. उपाय सोपा आहे: जीएस१ या बारकोडचे नियम ठरवणाऱ्या संस्थेच्या रचनेत ९६ बिटांचा वस्तूचा क्रमांक हेक्समध्ये (सोळाच्या पटीतल्या अंकांत) ३० ने सुरू होतो आणि पॅलेटचा ३१ ने. बाकी सगळं गाळणीतच थांबवा.

सॉफ्टवेअरसाठी वेळ राखून ठेवा, सगळ्यात जास्त कस तिथे लागतो. रीडर देतो ती फक्त "अमुक टॅग, अमुक अँटेनावर, अमुक वेळी दिसला" ही ओळ. एका पॅलेटमागे अशा शेकडो ओळी येतात. त्यांतून "चलन क्रमांक अमुकचा माल गेला" ही एक नोंद काढणारा मधला थर तुम्हालाच लिहावा किंवा विकत घ्यावा लागतो. एलएलआरपी ही बहुतेक प्रमुख रीडरना कळणारी बोली, नेहमीचं पोर्ट (नेटवर्कवरच्या जोडणीचा क्रमांक) ५०८४. ती वापरली तर उद्या रीडर बदलला तरी सगळं नव्याने लिहावं लागत नाही. वर सांगितलेले दोन्ही रीडर एमक्यूटीटीनेही (छोटे संदेश पाठवायच्या एका पद्धतीनेही) डेटा पाठवतात आणि ते जोडायला खूपच सोपं आहे, पण संदेशांची रचना प्रत्येकाची वेगळी असते.

गोदामाचा हिशेब टॅलीवर. टॅली एक्सएमएल (मजकुराच्या रूपातला डेटा) स्वीकारते, नेहमीचं पोर्ट ९०००. पण संध्याकाळी ऑफिसातला तो संगणक बंद झाला की पोर्टही बंद, आणि या गोदामातून माल सुटतो तो बहुतेक संध्याकाळीच. म्हणून मधल्या थराने नोंदी स्वतःकडे साठवून सकाळी पाठवायला हव्यात, आणि तीच नोंद दोनदा गेली तरी साठा दोनदा कमी होता कामा नये. रीडर आणि संगणक यांची घड्याळं एकाच वेळ-सर्व्हरशी जुळवा, नाहीतर सेन्सर आणि टॅग यांची सांगड बसत नाही.

टॅलीत वस्तू नावाने ओळखली जाते. नाव जुळलं नाही तर नोंद परत येते. नानांच्या यादीत एकाच स्विचची वेगवेगळी नावं निघाली, आणि ती जुळवणं हे रीडर टांगण्यापेक्षा मोठं काम ठरलं. त्या संध्याकाळी मांडवीजवळच्या सेंट्रल लायब्ररीत गेलो. सयाजीराव महाराजांनी १९१० मध्ये अमेरिकेहून विल्यम बॉर्डन यांना बोलावून ग्रंथालयांची घडी बसवून घेतली. वर्गीकरणावर एवढी मेहनत घेतलेल्या शहरात वस्तूंच्या याद्या अशा का राहाव्यात, असं मनापासून वाटलं.

वायरिंगबद्दल थोडक्यात: नेटवर्कचा स्विच आणि यूपीएस जमिनीलगत ठेवू नका. ऑगस्ट २०२४ चा विश्वामित्रीचा पूर बडोदेकरांच्या ताज्या आठवणीत आहे. उन्हाळ्यात पत्र्याच्या छपराखाली रीडर बसवणार असाल तर त्याची तापमान-मर्यादा तपासा आणि छतापासून खाली घ्या.

खरेदीआधी विक्रेत्याकडून एक गोष्ट लेखी घ्या: तुमच्या दारावर, तुमच्या मालासह, माल सुटण्याच्या गर्दीच्या वेळी घेतलेली कच्च्या वाचनांची फाइल. ती त्या दिवशीच्या चलनांशी ओळीने ताडून पाहा, आणि न वाचलेल्या खोक्यांइतकंच लक्ष चलनात नसताना वाचल्या गेलेल्या खोक्यांकडे द्या. नानांनी सध्या बाहेर जाणाऱ्या एकाच शटरवर रीडर आणि सेन्सर बसवायचं ठरवलंय. दुसरं शटर टॅलीतली नावं जुळल्यावर.