रजिस्टरमधली पेन्सिल

मागच्या आठवड्यात कपाट आवरताना एक जुनी वही सापडली, रिक्वायरमेंटच्या मीटिंगांना मी न्यायचे ती. एका पानावर समासात माझ्याच अक्षरात लिहिलंय, "पेन्सिल?? नंतर विचारणे". खाली दोन रेघा पण मारल्यात, म्हणजे तेव्हा मला ते महत्त्वाचं वाटलं असणार. नंतर काही विचारलं नाही. सिस्टीम लाईव्ह झाल्यावर मात्र त्या एका शब्दापायी आमचे दीड-दोन महिने गेले, म्हणून म्हटलं आता लिहूनच टाकू.

तर झालं असं, एका ठिकाणी मशिनांच्या स्पेअर पार्टचं स्टोअर होतं, सगळा कारभार रजिस्टरवर, आणि तिथे नवीन सिस्टीम बसवायची होती. मी बीए (बिझनेस ॲनालिस्ट), म्हणजे युझरला काय पाहिजे ते समजून घ्यायचं आणि डेव्हलपरला कळेल असं लिहून द्यायचं हे माझं काम. चार दिवस आम्ही कॉन्फरन्स रूममध्ये बसलो. मेंटेनन्सचे साहेब, अकाउंट्सच्या मॅडम, स्टोअरचे इन्चार्ज, आणि अगदी दाराजवळच्या खुर्चीत स्टोअरकीपर काका, जे चार दिवसांत मिळून दहा वाक्यं बोलले असतील तर शप्पथ. प्रोसेस साहेबांनीच सांगितली, बोर्डवर काढून. मागणीची स्लिप, त्यावर एचओडीची (डिपार्टमेंटच्या प्रमुखांची) सही, माल इश्यू म्हणजे देणं, रजिस्टरला नोंद, शिल्लक कमी. पाच चौकोन आणि चार बाण. ते इतकं नीटनेटकं दिसत होतं ना, की मी मोबाईलवर फोटो काढला आणि मनात म्हटलं चला, हे प्रोजेक्ट सोपं आहे.

डॉक्युमेंट झालं ११६ पानांचं. साईन-ऑफ झाला, म्हणजे मंजुरीच्या सह्या झाल्या. यूएटीला, म्हणजे लाईव्हच्या आधी युझरने वापरून बघायच्या टेस्टिंगला, पण तेच साहेब आणि तेच इन्चार्ज बसले, त्यांनी तेच पाच चौकोन क्लिक करून बघितले, सगळं पास.

लाईव्ह झाल्यावर दुसऱ्याच आठवड्यात फोन. सिस्टीम म्हणतेय अमुक बेअरिंगची शिल्लक शून्य आणि रॅकवर चार नग समोर पडलेत. भलत्याच एका सीलचं बरोबर उलटं, स्क्रीनवर सहा आणि रॅक रिकामा. आधी आम्ही सगळ्यांनी मिळून डेव्हलपरवर खापर फोडलं, त्या बिचाऱ्याने दोन रात्री क्वेऱ्या तपासल्या, काही सापडेना. शेवटी मी गेले आणि स्टोअरच्या खिडकीत काकांच्या शेजारी एक स्टूल टाकून बसले. नुसती बसले, काही विचारलं नाही.

सकाळी मेकॅनिक आला. मशीन जुनं, आत कुठल्या मापाचं सील बसलंय ते उघडल्याशिवाय कळत नाही, म्हणून तो तीन मापांची तीन सीलं घेऊन गेला. संध्याकाळी एक बसलं आणि दोन परत. दिवसभरात असे सात-आठ जण आले! काकांनी जुनं रजिस्टर काढून दाखवलं तेव्हा मला सगळं दिसलं. सकाळी जे नेलं ते पेन्सिलने लिहिलेलं. संध्याकाळी जे परत आलं ते खोडायचं आणि जे खरंच वापरलं त्यावर पेन फिरवायचं. पानं उलटून बघितली तर प्रत्येक पानावर खोडरबराचे करडे डाग, काही ठिकाणी खोडून खोडून कागद इतका पातळ झालेला की मागचं अक्षर दिसतंय. वर्षानुवर्षं हिशोब बरोबर जुळत होता तो या पद्धतीवर. आणि आमच्या सिस्टीममध्ये इश्यू म्हणजे इश्यू. परत घ्यायचं तर वेगळा रिटर्न, त्याला कारण मँडेटरी, त्यावर परत एचओडीचं अप्रूव्हल. एका सीलसाठी एवढं कोण करणार? मग काही जण परत आलेला माल गुपचूप रॅकवर ठेवायचे, आणि काही जण आधी नोंदच करायचे नाहीत, संध्याकाळी आठवेल तेवढं भरायचे. दोन्ही बाजूंनी आकडा चुकणार नाहीतर काय.

मी काकांना म्हटलं, अहो मग हे मीटिंगमध्ये का नाही सांगितलंत? तर म्हणाले, "मॅडम, पहिल्याच दिवशी जिन्यात तुम्हाला म्हटलं होतं, आमचं निम्मं काम पेन्सिलीत असतं. तुम्ही वहीत लिहून पण घेतलंत."

यावर काय बोलणार.

मीटिंगमध्ये ते का बोलले नाहीत हेही नंतर कळलं, आणि खरं घोडं तिथेच पेंड खात होतं. नियमात पेन्सिल नाहीये. ऑडिटला पेन्सिल चालत नाही, सगळी पेनची पानं दाखवायची. साहेबांना हे माहीत होतं, इन्चार्जना माहीत होतं, पण समोरासमोर बसून "आम्ही पेन्सिलने लिहितो" हे बोलायचं कोणी? म्हणून चार जणांनी मिळून मला काम जसं व्हायला पाहिजे तसं सांगितलं आणि जसं होतं ते दाराजवळच्या खुर्चीत बसून राहिलं. यात कोणी खोटं बोललं नाही हं, पद्धत विचारली की माणूस पद्धतच सांगतो.

तेव्हापासून मी "तुम्हाला सिस्टीममध्ये काय काय पाहिजे" हा प्रश्न विचारणं जवळजवळ सोडलंय. या प्रश्नाला उत्तर म्हणून बटणं मिळतात, "इथे एक बटण द्या, तिथे एक ड्रॉपडाऊन द्या", आणि आपण ती लिहून घेत बसतो. "सहसा कसं करता" हा तर त्याहून बेकार, कारण सहसा सगळं पाच चौकोनातच होतं. मी विचारते शेवटचं कधी अडलं होतं, काल आलेली शेवटची स्लिप कुठली, ती काढा बरं, तिचं काय काय झालं सांगा. माणसाला एक ठरावीक स्लिप हातात दिली ना की तो आपोआप खरं बोलायला लागतो, "ही होय, हिच्यात जरा लफडं झालं होतं". ते लफडं म्हणजेच रिक्वायरमेंट.

आणि कोरे फॉर्म घेऊन कधी यायचं नाही. भरलेले घ्यायचे. कोऱ्या फॉर्मवर ज्याने फॉर्म बनवला त्याचं डोकं दिसतं, भरलेल्यावर कामाचं. शेऱ्याचा रकाना तर मी आधी वाचते आता, बाकी रकाने नंतर. ज्याला कुठेच जागा नाही ते सगळं तिथे जाऊन बसलेलं असतं. दहा पानांवर एकच शेरा दिसायला लागला की समजायचं इथे एक फील्ड कमी आहे, किंवा एक अख्खी स्टेप. तसंच एखाद्या फील्डमध्ये सगळीकडे एकच फोन नंबर किंवा १११११ असं भरलेलं दिसलं की ते कोणी आळशीपणाने केलेलं नसतं, ती माहिती त्या क्षणी त्यांच्याकडे नसते आणि सिस्टीम पुढे जाऊ देत नाही. मँडेटरी करून माहिती येत नाही, कचरा येतो. (हे मी दर प्रोजेक्टला सांगते आणि दर प्रोजेक्टला कोणीतरी साहेब अकरा फील्ड मँडेटरी करतातच.)

अजून एक, रात्रपाळी. आमच्या त्या पाच चौकोनांत एचओडीची सही होती, पण रात्री दोनला मशीन बंद पडलं तर एचओडी घरी झोपलेले. आधी माल द्यायचे, सही सकाळी. नवीन सिस्टीमने अप्रूव्हलशिवाय इश्यूच अडवला, मग काय, तिसऱ्या रात्री एचओडींचा पासवर्ड चिठ्ठीवर लिहून मॉनिटरला चिकटवलेला. कंट्रोल घट्ट करायला गेलो आणि होता तोही गेला. मीटिंगला रात्रपाळीचा एकही माणूस नव्हता, आणि दिवसा मीटिंग ठेवल्यावर तो येणार तरी कसा, तो तेव्हा झोपलेला असतो.

हे फक्त आमच्यासारख्या छोट्या प्रोजेक्टचं असतं असं नाही. लंडनच्या ॲम्ब्युलन्स सेवेचं उदाहरण या क्षेत्रातल्या लोकांना पाठ आहे. तिथे कॉल आला की कागदी फॉर्मवर लिहायचे, तो फॉर्म पट्ट्यावरून पुढे जायचा आणि माणसं ठरवायची कुठली गाडी पाठवायची. २६ ऑक्टोबर १९९२ ला ते कॉम्प्युटरवर नेलं. सिस्टीमने गृहीत धरलेलं की कुठली गाडी कुठे आहे आणि काय करतेय ही माहिती जवळजवळ अचूक मिळत राहील. प्रत्यक्षात रेडिओ काही ठिकाणी लागायचा नाही, क्रूकडून बटणं चुकीच्या क्रमाने दाबली जायची किंवा राहायची, आणि गाडी उभी केलीय एकीकडे तर स्क्रीनवर दिसतेय दुसरीकडे, मग एकाच कॉलला दोन गाड्या आणि दुसऱ्याला एकही नाही, आणि अपवादांच्या सूचनांची स्क्रीनवर इतकी रांग लागली की माणसांना ती निस्तरता येईना. दुसऱ्या दिवशी अर्धवट जुन्या पद्धतीवर परत आणि ४ नोव्हेंबरला सिस्टीम बंदच पडली. पुढे १९९३ ला चौकशी अहवाल आला. त्यात बाकी बऱ्याच गोष्टी आहेत, घाई, टेस्टिंग, स्वस्तात करून घेणं, पण एक मुद्दा हाही आहे की ज्यांना ती गाडीत बसून वापरायची होती त्या क्रूच्या लोकांना डिझाईनमध्ये पुरेसं घेतलंच नव्हतं. त्यांना विचारलं असतं तर रेडिओ कुठे लागत नाही ते पहिल्याच तासात सांगितलं असतं असं मला आपलं वाटतं.

बरं, लोकांना सगळं लपवायचंच असतं असंही नाही. कितीतरी गोष्टी सांगायच्या असतात हेच त्यांच्या डोक्यात येत नाही. नोरिआकी कानो म्हणून जपानी प्राध्यापक आहेत, त्यांनी १९८४ मध्ये ग्राहकाच्या अपेक्षांचे प्रकार मांडले, त्यातला एक प्रकार म्हणजे ज्या गोष्टी असल्या तर कोणाचं लक्ष पण जात नाही, नसल्या की बोंबाबोंब. या गोष्टी इंटरव्ह्यूत कधीच येत नाहीत. काकांना रजिस्टरमध्ये मागचं पान उलटून बघता येत होतं. आमच्या पहिल्या व्हर्जनमध्ये कालची यादी बघायला रिपोर्ट, तारीख, सबमिट, पीडीएफ. "मागचं पान उलटता आलं पाहिजे" अशी रिक्वायरमेंट कोण लिहून देणार तुम्हाला?

एक्सेल एक्सपोर्टचं पण असंच. प्रत्येक यादीत ते असतंच आणि आपण डोळे झाकून हो म्हणतो. एकदा मी अकाउंट्सच्या मॅडमना म्हटलं, एक्सपोर्ट झाल्यावर तुम्ही त्या फाईलचं काय करता ते करून दाखवा ना. त्यांनी तीन रकाने उडवले, दोन शीट जोडल्या, एक रंग भरला, एक बेरीज हाताने दुरुस्त केली, आणि मेल केली. चाळीस मिनिटं. त्यांना एक्सेल नकोच होतं, महिनाअखेरीला कुठल्या डिपार्टमेंटने किती जास्त माल उचलला एवढं एक पान हवं होतं, आणि ती हाताने दुरुस्त केलेली बेरीज? ती त्या परत आलेल्या मालाची होती. पुन्हा पेन्सिलच!

मस्ट, शुड, कुड, वोन्ट (हवंच, असायला हवं, असलं तर बरं, आत्ता नको) वगैरे वर्गवारी मी करते, डॉक्युमेंटला लागते म्हणून. पण साहेबांना विचारलं तर सगळंच मस्ट असतं. त्यापेक्षा "हे पहिल्या दिवशी नसलं तर तुम्ही काय कराल" असं विचारलं की बरोबर कळतं. "करू काहीतरी, वहीत लिहू" म्हणाले की शुड. गप्प बसले की मस्ट. "फास्ट पाहिजे" वाल्यांना पण तसंच, किती सेकंद चालतील आणि महिन्याच्या शेवटच्या दिवशी एका वेळी किती जण बसतात ते विचारायचं, "फास्ट" एवढंच लिहून साईन-ऑफ घ्यायचा नाही, यावर जास्त काही बोलण्यासारखं नाही.

आणि हो, साईन-ऑफ. त्या ११६ पानांवर पाच सह्या होत्या आणि नंतर मी एकेकाला हळूच विचारलं, कोणीच पूर्ण वाचलं नव्हतं, इन्चार्जनी प्रामाणिकपणे सांगितलं की पंधराव्या पानानंतर त्यांनी सोडून दिलं. मी तरी कुठे वाचलं असतं. आता मी मोठं डॉक्युमेंट करते पण सही त्यावर मागायच्या आधी कागदावर पाच-सहा स्क्रीन हाताने काढून नेते, आणि कालच्या खऱ्या स्लिपा त्यावर चालवायला सांगते. कागदी स्क्रीनवर लोक बिनधास्त रेघा मारतात, चांगलं डिझाईन केलेलं दाखवलं की "छान आहे" म्हणून मोकळे होतात.

स्टोअरच्या सिस्टीमचं पुढे असं झालं की आम्ही "तात्पुरता इश्यू" असा एक प्रकार टाकला, त्याला अप्रूव्हल नाही, दिवसअखेर तो पक्का करायचा किंवा परत घ्यायचा, आणि पक्का होईपर्यंत स्क्रीनवर करड्या रंगात. काकांनी पहिल्यांदा बघितलं आणि म्हणाले, "हां, ही पेन्सिल." मग आम्ही बटणावर पण तेच लिहिलं. ऑडिटवाल्यांनी नाक मुरडलं, पण त्यांनाही आता कोणी काय नेलं आणि किती वाजता परत आणलं ते दिसतंय, जे आधी खोडरबराखाली जात होतं, त्यामुळे जास्त काही बोलले नाहीत.

काका मात्र दोन दिवसांनी परत आले. पेन्सिल झाली, खोडरबर कुठंय? परत आलेली नोंद यादीतून जातच नाही म्हणे, संध्याकाळपर्यंत करडीच करडी यादी होते आणि खरं काय उरलं ते शोधावं लागतं. मी सांगायला लागले की ऑडिटसाठी ती नोंद राहिली पाहिजे वगैरे, आणि मध्येच थांबले, स्टूल ओढलं आणि म्हटलं, आज संध्याकाळी तुम्ही यादी बघता तेव्हा मी शेजारी बसते.