स्कॉलरशिपसाठी किती टक्के लागतात? तुम्ही विचारलंत म्हणून

परदेशात शिकायला पूर्ण खर्चाची, म्हणजे फुल्ली फंडेड स्कॉलरशिप हवी असेल तर किती टक्के लागतात, हा प्रश्न आम्हाला सगळ्यात जास्त वेळा विचारला जातो. टक्के लागतात, पण मुख्यतः पात्रतेच्या रेषेच्या वर राहण्यासाठी. विद्यापीठं स्वतः निवड करतात तिथे आणि संशोधनाच्या जागांसाठी गुणांचं वजन पुढेही राहतं. बाकी ठिकाणी रेषा ओलांडली की प्रश्न बदलतो: हा पैसा कुणाचा आहे, तो कशासाठी ठेवलाय, आणि तुमच्या अर्जातला प्रत्येक कागद त्याच दिशेला बोट दाखवतो का?

चेवनिंग घ्या. ही ब्रिटिश सरकारची योजना १९८३ पासून चालू आहे. एका वर्षाच्या मास्टर्सचा खर्च ती देते आणि पुढे आपापल्या देशात निर्णयाच्या जागी जातील अशी माणसं शोधते. म्हणून तिथे दोन वर्षांचा, म्हणजे २,८०० तासांचा कामाचा अनुभव मागतात, नेतृत्व आणि लोकांशी जोडून घेण्याची हातोटी यांवर निबंध लिहायला लावतात, आणि शिक्षण संपल्यावर किमान दोन वर्षांसाठी मायदेशी परतायची अट घालतात. जपान सरकारच्या शिक्षण मंत्रालयाच्या मेक्स्ट स्कॉलरशिपमध्ये दूतावासामार्फत संशोधक विद्यार्थी म्हणून जायचं तर मोठा भर संशोधनाच्या आराखड्यावर असतो. डाड या जर्मन शैक्षणिक देवाणघेवाण संस्थेची ईपॉस योजना विकासाशी निगडित विषयांसाठी आहे. तिथे दोन वर्षांचा अनुभव हवा आणि शेवटची पदवी साधारण सहा वर्षांपेक्षा जुनी नको. माणूस एकच, गुणपत्रिका एकच, तरी या तीन ठिकाणी तीन वेगळे अर्ज जायला हवेत. एकच मजकूर नाव बदलून सगळीकडे पाठवला की तो कुठेच बसत नाही, आणि वाचणाऱ्याला ते पहिल्या परिच्छेदातच कळतं.

‘फुल्ली फंडेड’ या शब्दावरही विसंबू नका, आकडे काढा. इरॅस्मस मुंडुस या युरोपियन युनियनच्या योजनेत वेगवेगळ्या देशांतली विद्यापीठं मिळून मास्टर्सचा कोर्स चालवतात. तिच्या स्कॉलरशिपमध्ये फी भरावी लागत नाही आणि दरमहा १,४०० युरो जास्तीत जास्त २४ महिने मिळतात. पण विमानाचं तिकीट, व्हिसा आणि एका देशातून दुसऱ्या देशात बिऱ्हाड हलवण्याचा खर्च त्यातूनच करायचा असतो. हंगेरीच्या स्टिपेंडियम हंगारिकममध्ये फी माफ असते आणि वसतिगृहात जागा किंवा घरभाड्यासाठी थोडी रक्कम मिळते, पण मास्टर्सच्या विद्यार्थ्याचा स्टायपेंड ४३,७०० फोरिंट आहे. बुडापेस्टमध्ये तेवढ्यावर महिना निघत नाही, स्वतःची भर घालावी लागते. जोडीदार किंवा मुलं बरोबर न्यायची असतील तर बहुतेक योजना त्यांचा खर्च देत नाहीत. शिवाय पहिला हप्ता बहुतेक वेळा तिथे पोहोचून बँक खातं उघडल्यावर जमा होतो, आणि खोलीचं डिपॉझिट त्याआधी द्यावं लागतं. पहिल्या महिना-दीड महिन्याचा खर्च हाताशी ठेवूनच निघा.

सुरुवात कधी करायची, याचं उत्तर शेवटच्या तारखेपासून मागे मोजून काढायचं. प्रवेशाच्या साधारण वर्षभर आधी अर्ज जातात आणि त्याआधी चार-सहा महिने तयारीला लागतात. चेवनिंगचे अर्ज बहुधा ऑगस्टमध्ये उघडतात. इरॅस्मस मुंडुसचे बरेच कोर्स ऑक्टोबर ते जानेवारीत अर्ज घेतात. आयईएल्ट्स या इंग्रजीच्या परीक्षेचा निकाल दोन वर्षं चालतो, म्हणून ती परीक्षा लवकर दिलेली बरी. गुण कमी पडले तर दुसऱ्यांदा बसायला वेळ उरतो. विद्यापीठातून ट्रान्सक्रिप्ट, म्हणजे गुणांचा अधिकृत उतारा, मिळायला आठवडे जातात, कधी महिनेही. पासपोर्टवरचं नाव आणि गुणपत्रिकेवरचं नाव अक्षर न अक्षर जुळतं का, हे आजच उघडून बघा. आडनाव आधी की नंतर, वडिलांचं नाव आहे की नाही, एवढ्याशा फरकावर कागद परत येतात आणि दुरुस्तीला सगळ्यात जास्त वेळ लागतो.

एक गल्लत आम्हाला दरवर्षी दिसते. स्कॉलरशिप आणि प्रवेश या काही योजनांत दोन स्वतंत्र प्रक्रिया असतात. चेवनिंगच्या अर्जात तीन कोर्स निवडायचे असतात, पण त्या विद्यापीठांकडे प्रवेशासाठी आपण वेगळा अर्ज करायचा असतो, आणि जुलैपर्यंत किमान एका ठिकाणची विनाअट ऑफर, म्हणजे कुठलीही अट बाकी नसलेला प्रवेश, हातात असावी लागते. आधी स्कॉलरशिपचा निकाल येऊ दे, मग विद्यापीठाचं बघू, असं म्हणणाऱ्यांची निवड होऊनही जागा हुकते. मेक्स्टमध्ये दूतावासाची पहिली फेरी पार केल्यावर जपानी विद्यापीठांकडून तात्पुरत्या स्वीकृतीचं पत्र मिळवायला फार थोडे आठवडे मिळतात. आपल्या विषयातले तिथले प्राध्यापक कोण, त्यांनी अलीकडे काय लिहिलंय, हे आधीच वाचून ठेवलेलं असेल तरच ते जमतं. इरॅस्मस मुंडुसमध्ये मात्र कोर्स चालवणाऱ्या विद्यापीठांच्या समूहाकडे केलेला एकच अर्ज दोन्हीसाठी चालतो, आणि किती गुण कशाला देणार हे बरेच कोर्स आपल्या निकषांत जाहीर करतात. ते पान आधी वाचा, मग लिहायला बसा.

लिहिण्यावर सगळ्यात जास्त वेळ घालवावा असं आमचं ठाम मत आहे. नमुन्यादाखल हे वाक्य बघा: ‘मला लहानपणापासून पर्यावरणाची आवड आहे आणि आपल्या जगप्रसिद्ध विद्यापीठात शिकणं हे माझं स्वप्न आहे.’ यात खोटं काही नाही, पण हे कुणीही, कुठल्याही विद्यापीठाला लिहू शकतं. आता हे वाचा: ‘गेली दोन वर्षं मी विहिरींच्या पाणीपातळीच्या नोंदी तपासते. नोंदी नियमित येतात, पण पातळी कधी खालावेल याचा अंदाज त्यांतून बांधता येत नाही, कारण भूजल मॉडेलिंग आमच्या कार्यालयात कुणालाच येत नाही. या कोर्सच्या दुसऱ्या सत्रात तो विषय आहे. परतल्यावर याच नोंदींवरून टंचाईची आगाऊ सूचना देणारी पद्धत मला उभी करायची आहे.’ काम कळलं, अडचण कळली, नेमका हाच कोर्स का ते कळलं आणि पुढे काय करणार तेही कळलं. आता सीव्हीत त्या नोंदींच्या कामाचा उल्लेख हवा, आणि कार्यालयातल्या वरिष्ठांच्या शिफारसपत्रातही तेच काम दिसायला हवं. निबंध भूजलाबद्दल, शिफारसपत्र ‘हुशार, वक्तशीर, मनमिळाऊ’ असं मोघम आणि तिसरा निवडलेला कोर्स बिझनेस मॅनेजमेंटचा, असं झालं की फाइल आतून फाटते. उत्तम गुण असलेले अर्ज बाद होण्यामागे आम्हाला बहुतेक वेळा हेच कारण सापडतं.

दुसऱ्याचा निबंध उचलून दोन शब्द इकडचे तिकडे करू नका. मजकुरातलं साम्य शोधणारं सॉफ्टवेअर योजना वापरतात, आणि त्यात सापडलेला अर्ज थेट बाद होतो.

शिफारसपत्र मागताना पदापेक्षा ओळख बघा. कुलगुरूंनी दिलेल्या तीन ओळींपेक्षा तुमचा प्रकल्प तपासलेल्या शिक्षकांचं एक पान कितीतरी मोलाचं. त्यांना निदान चार आठवडे आधी विचारा आणि विचारताना योजनेची माहिती, तुमचा सीव्ही, निबंधाचा मसुदा आणि त्यांच्या हाताखाली केलेल्या कामाची चार-पाच मुद्द्यांची आठवण पाठवा. बऱ्याच पोर्टलवरून त्यांना थेट लिंक जाते. ती स्पॅममध्ये पडते, किंवा त्यांचा खाजगी ईमेल दिला म्हणून संस्थेच्या पत्त्याची मागणी होते. लिंक मिळाली का, हे फोन करूनच विचारा. चेवनिंगमध्ये दोन शिफारसपत्रं मुलाखतीसाठी नाव आल्यावर लागतात, तरी त्या दोघांशी बोलणं आधीच करून ठेवा.

अर्ज भरताना वेळ नीट वाचा. ‘१२:०० यूटीसी’ म्हणजे जागतिक प्रमाणवेळेनुसार दुपारचे बारा, मध्यरात्र नव्हे. आपल्या घड्याळात ते किती वाजतात ते काढून लिहून ठेवा. शेवटच्या दिवशी पोर्टल मंदावतं, पीडीएफ ठरलेल्या आकारापेक्षा मोठी निघते, स्कॅन केलेलं पान उलटं गेलेलं असतं. दोन दिवस आधी सबमिट करा आणि पोचपावतीचा ईमेल आल्याशिवाय अर्ज गेला असं धरू नका. चेवनिंग, मेक्स्ट, स्टिपेंडियम हंगारिकम यांच्या अर्जाला शुल्क नसतं. विद्यापीठाचं प्रवेश अर्जाचं शुल्क वेगळं, आणि ते माफ होईल का असं विचारता येतं. पण ‘स्कॉलरशिप प्रोसेसिंग फी’ म्हणून कुणाच्या खात्यात पैसे भरायला सांगत असतील तर तिथेच थांबा.

मुलाखतीत प्रश्न बहुतेक तुमच्याच अर्जातून येतात, म्हणून पाठवलेल्या अर्जाची प्रत जवळ ठेवा आणि त्यातल्या प्रत्येक दाव्यामागचा प्रसंग, आकडा, तुमचा नेमका वाटा सांगता येईल अशी तयारी करा. ‘आम्ही केलं’ म्हटलंत की ‘त्यात तुम्ही काय केलंत?’ हा प्रश्न येणारच.

निकालात नाव राखीव यादीत आलं तर हातातली विद्यापीठाची ऑफर सोडू नका. काही जण नकार देतात, काहींना व्हिसा मिळत नाही, आणि त्या जागा तिथल्या उन्हाळ्यात उशिरापर्यंत भरल्या जातात. तेव्हा उत्तर द्यायला कधी कधी दोन-तीन दिवसच मिळतात, म्हणून पासपोर्टची मुदत तपासून ठेवा आणि स्पॅम फोल्डर रोज बघत जा.