सोलापूर ते नेत्राणी : डाइव्ह सोपी, होडी अवघड

"मालवणला स्कूबा डाइव्हिंग केलंय ना? मग हे तसलंच की, मालक," बुकिंग करताना एजंट म्हणाला आणि त्या एका वाक्यावर आम्ही सहाजण निघालो. तसलं अजिबात नाही. मालवणला किल्ल्याजवळ होडी दहा-पंधरा मिनिटांत पोचते. नेत्राणी बेट कर्नाटकातल्या मुरुडेश्वरपासून समुद्रात जवळपास 19 किलोमीटर आत आहे. आम्हाला जायलाच दीड तास लागला.

तरी जाणं सोसतं, कारण होडी चालती असते आणि तोंडावर वारा असतो. खरा त्रास बेटाजवळ नांगर टाकल्यावर. बेटावर उतरायचं नसतं. इन्स्ट्रक्टर एका वेळी एकालाच खाली नेतो आणि बाकीच्यांनी हेलकावे खात, डिझेलच्या वासात बसून राहायचं. माझा नंबर पाचवा होता, म्हणजे एक तास पन्नास मिनिटं. सहापैकी चौघं उलट्या करत होते. धाकट्या भावाचा नंबर आला तेव्हा त्याला उभंही राहवेना. तो पाण्यात उतरलाच नाही आणि त्याचे पैसेही परत मिळाले नाहीत.

होडीवर गोळ्या होत्या, पण उलटी सुरू झाल्यावर गोळी पोटात टिकत नाही. डॉक्टरांना विचारून ती होडीत बसायच्या तासभर आधी घ्या. सकाळी दोन इडल्या बास, आदल्या रात्री मटण नको. बुकिंग करतानाच विचारा : होडीत माणसं किती, इन्स्ट्रक्टर किती, आपला नंबर कितवा? उत्तर टाळलं तर दुसरीकडे जा.

खाली गेलो आणि सगळा शीण उतरला. नऊ मीटरवर मनगटावरचा सिद्धेश्वराचा लाल दोरा काळपट दिसायला लागला, कारण पाणी सगळ्यात आधी लाल रंग गिळतं. समोर एक पॅरटफिश, म्हणजे पोपटासारख्या चोचीचा मासा, खडकाला चोच मारत होता. शेंगा फोडल्यासारखा तो कटकट आवाज पाण्यातून स्पष्ट ऐकू येत होता. त्या आवाजासाठी मी परत जाईन.

कानाचं मात्र हलक्यात घेऊ नका. पहिल्या 10 मीटरमध्येच दाब दुप्पट होतो, म्हणून कान सुरुवातीलाच दुखतात. नाक चिमटीत धरून हलकेच फुंकायचं, तेही दुखायच्या आधी आणि दर मीटरला. मेहुण्याला सर्दी होती, त्याला दोन मीटरवरूनच वर यावं लागलं. सर्दी असेल तर तारीख बदला, औषध घेऊन उतरू नका. दमा किंवा हृदयाचा त्रास फॉर्मवर लपवू नका. आणि खाली श्वास कधीच रोखायचा नाही, वर येताना तर मुळीच नाही.

अर्धा तास सांगितला होता, मी पाण्याखाली होतो 18 मिनिटं. व्हिडिओ 'पॅकेजमध्ये' होता, किनाऱ्यावर आल्यावर माणशी 800 मागितले. पॅकेजमध्ये काय काय आहे ते मेसेजवर लिहून घ्या.

मुरुडेश्वरचं देऊळ छान आहे, त्यावर भरपूर लिहिलं गेलंय.

रस्ता सोपा आहे. सोलापूरहून विजयपूर, हुबळी, यल्लापूर करत अंकोल्यापर्यंत राष्ट्रीय महामार्ग 52, पुढे किनाऱ्याने दक्षिणेला. पण डाइव्ह झाल्या झाल्या परत निघू नका. अंकोल्यानंतर घाट चढावा लागतो आणि हुबळी 600 मीटरच्याही वर आहे. दाबाखाली अंगात मुरलेला नायट्रोजन बाहेर पडायला वेळ लागतो, म्हणून लगेच उंचीवर जायचं नसतं. एजंटाने आम्हाला त्याच संध्याकाळी निघायला सांगितलं होतं. आम्ही ऐकलं नाही, रात्री तिथंच राहिलो.

पावसाळ्यात डाइव्हिंग बंद असतं. आम्ही जानेवारीत, सोलापूरच्या गड्ड्याच्या यात्रेनंतरच्या आठवड्यात गेलो, पाणी निवळ होतं. येत्या डिसेंबरात धाकट्याला घेऊन पुन्हा जाणार आहे. त्याचा पहिला नंबर लिहून दिल्याशिवाय ॲडव्हान्स देणार नाही.