लाईट गेली!

‘शाळेने मला काय दिलं’ या विषयावर लिहा, असं शाळेच्या महोत्सवी स्मरणिकेच्या संपादक मंडळाने कळवलंय. पहिल्यांदा आठवतं ते शाळेने काय दिलं नाही ते. १९८७ च्या स्नेहसंमेलनात मला नाटकात मुख्य भूमिका दिली नाही. वय पन्नाशी पार झालं तरी ते थोडं लागून आहेच.

त्याला कारण होतं. आठवीत आलो तेव्हा वक्तृत्व म्हटलं की माझंच नाव पुढे असायचं. ‘मराठी संगीत रंगभूमीचे जनक अण्णासाहेब किर्लोस्कर’ हे माझं ठरलेलं भाषण. सांगलीत विष्णुदास भाव्यांनी ‘सीतास्वयंवर’ केलं ते साल १८४३, आणि त्याच साली आपल्या बेळगाव जिल्ह्यातल्या गुर्लहोसूरला अण्णासाहेबांचा जन्म झाला, असं म्हणून मी जरा थांबायचो. तिथे टाळी ठरलेली. मग ३१ ऑक्टोबर १८८०, पुणे, ‘संगीत शाकुंतल’, आणि उजवा हात वर. तीन तालुक्यांत या भाषणाने मला पेनं, डबे आणि एक पितळी ढाल मिळवून दिली होती.

त्या वर्षी नाटक बसवायला आलेल्या बाईंनी (त्यांना नाव छापलेलं आवडत नाही म्हणून नुसतंच बाई) ते भाषण शेवटपर्यंत ऐकून घेतलं. ‘छान’ म्हणाल्या. मग म्हणाल्या, ‘आता अण्णासाहेबांना तालमीला उशीर झालाय आणि वाटेत चप्पल तुटली, ते दाखव बघू. बोलायचं नाही.’

मी उजवा हात वर केला. वर्ग हसला. मला दुसरं काही येतच नव्हतं.

तेव्हा आपल्याकडे सभागृह नव्हतं. आठवी अ आणि ब यांच्यामधली लाकडी पार्टिशनची दारं घडी घालून भिंतीला लावली की झालं सभागृह. शनिवारची सकाळची शाळा सुटली की बाक मागे ढकलायचे आणि तालीम. तालीम म्हणायचं एवढंच. तीन शनिवार गेले तरी बाईंच्या हातात वही नाही, कुणाला संवाद नाहीत, कोण राजा कोण शिपाई ते ठरलेलं नाही. घरी विचारायचे, ‘काय करूलालाय रे तिथं?’ ‘चालूलालोय’ असं सांगायचं कसं?

पण खरोखर चालतच होतो. बाई म्हणायच्या, ही खोली म्हणजे एका खिळ्यावर ठेवलेली परात आहे. सगळे एका बाजूला गेलात की कलंडली. तेव्हा चाला कसेही, पण मोकळी जागा दिसली की ती भरा. ऐकायला सोपं. पाय आपोआप मित्रामागे जातात हे करून बघितल्याशिवाय कळत नाही. मुली सगळ्या खिडकीशी, मुलगे सगळे दाराशी, आणि मधे परात रिकामी. दुसऱ्या शनिवारी कुठे ती जराशी सपाट राहायला लागली.

आणि अधूनमधून बाई ओरडायच्या, ‘लाईट गेली!’

हे वडगावबाहेरच्या, म्हणजे बेळगावातल्या आमच्या विणकर पेठेबाहेरच्या, वाचकाला समजावून सांगायला हवं. आमच्या वर्गातली निम्मी मुलं विणकरांची. गल्लीत घरटी माग, आणि खिडक्या लावल्या तरी इतिहासाच्या तासाला खटक्-खट, खटक्-खट चालूच. लाईट गेली की तो आवाज एका क्षणात बंद पडायचा आणि अख्खी पेठ बहिरी झाल्यासारखी वाटायची. धोटा, म्हणजे आडवा धागा घेऊन मागात इकडून तिकडे पळतो तो, जिथे असेल तिथे. त्यामुळे ‘लाईट गेली’ म्हटल्यावर काय करायचं हे कुणाला शिकवावं लागलं नाही. एक पाय वर असेल तर वरच. मग बाई थिजलेल्यांतून फिरायच्या आणि एखाद्याच्या खांद्याला बोट लावायच्या. त्याने एका वाक्यात सांगायचं, आपण कोण आणि काय करत होतो. हात वर राहिलेला म्हणायचा, ‘मी पत्र्यावरचा चेंडू काढूलालोय.’ वाकलेली म्हणायची, ‘माझी सुताची कांडी बाजेखाली गेली.’ माझ्या खांद्याला बोट लागलं की मी म्हणायचो, ‘मी शिवाजी महाराज.’ तिसऱ्यांदा असं झाल्यावर बाई म्हणाल्या, ‘महाराज, जरा बसा की.’

मग एकदा आम्ही माग केला. माणसांचा माग. हे मला तपशिलात सांगायचंय, कारण शाळेत शिकलेल्या बीजगणितापेक्षा ते जास्त लक्षात आहे.

सहा जण ताण्याचे, म्हणजे कापडाच्या लांबीतले, धागे: तीन उभे, तीन बसलेले, आणि प्रत्येक ठोक्याला उलट. उभे बसतात, बसलेले उठतात. त्यांच्यामधून धोटा डावीकडून उजवीकडे पळतो, आडवा धागा ठोकून बसवणारी फणी पुढे येऊन ‘ठप्प’ करते, की पुन्हा उलट, आणि धोटा परत. एक जण मोटर, एक जण कापड गुंडाळणारा. प्रत्येकाची एकच हालचाल आणि एकच आवाज. बोलायचं कुणी नाही. सुरुवातीला धोटा धाग्यांत अडकून पडायचा, गुडघे फुटायचे. विणकरांच्या पोरांनीच दुरुस्ती केली: ‘बाई, फणी मागं गेल्याबिगर धोटा सुटत नाही.’ वर्गात कधी तोंड न उघडणारा मुलगा हे सांगत होता आणि बाई त्याला ‘मग पुढं?’ विचारत होत्या. अर्ध्या तासात माग चालू लागला. कुणी एक-दोन-तीन मोजत नव्हतं, तरी चालत होता.

मला अर्थात धोटा व्हायचं होतं, सगळ्यांच्या नजरा त्याच्यावर म्हणून. बाईंनी मला केलं विणकर. मी खूश. विणकराचं काम काय? माग चालू असताना बाई कुणा एकाला नजरेने खूण करणार, तो धागा गुपचूप तुटणार, म्हणजे उठ-बस थांबवणार. विणकराने ते ओळखून माग बंद करायचा. बस्स, एवढंच.

मी माग चालताना प्रेक्षकांकडे बघत होतो. छाती पुढे काढून, मालकासारखा. माझ्या मागे एक धागा केव्हाचा बसून राहिला होता. मग दुसरा बसला. मग पोरं हसू दाबेनात. कापड गुंडाळणारी मुलगी शेवटी म्हणाली, ‘असलं कापड सावकार घेत नाही. मजुरी कापतोय.’ तिच्या घरात अशी मजुरी कितीदा कापली गेली होती हे तिलाच ठाऊक. ती हसत नव्हती.

खरं सांगायचं तर मला राग आला होता. घरी जाऊन म्हणालो, नाटक सोडतोय. वडील म्हणाले, ‘सोड की. नाटकात आहे काय अजून सोडायला?’

सोडलं नाही. कारण तेव्हा भिंतीवरच्या पोरांचं प्रकरण सुरू झालं होतं.

शाळेच्या मागच्या कंपाउंडपलीकडे कन्नड शाळा. शनिवारी ती मुलं भिंतीवर चढून आमचा माग बघायची, चुकलं की शिट्ट्या मारायची. आधीच्या वर्षी, १९८६ च्या जूनमध्ये, कन्नड सक्तीविरुद्धच्या आंदोलनात आपल्या भागात गोळीबार झाला होता, माणसं गेली होती. घराघरांत तेच बोलणं. अशा दिवसांत बाईंनी एका शनिवारी भिंतीवरच्या आठ-दहा जणांना आत बोलावलं. त्याबद्दल पुढे त्यांना कुणी कुणी काय काय ऐकवलं ते इथे नको. दोन्ही बाजूंनी ऐकवलं, एवढं सांगतो.

त्या दिवशीचा खेळ होता बिनभाषेचा. आम्ही विचारलं, ‘च ची भाषा काय?’ बाई म्हणाल्या, ‘नको, ती कळते. कुठल्याच भाषेतला शब्द यायचा नाही. नुसता आवाज.’ एका बाजूला गणपत गल्लीत वांगी विकणारी, दुसऱ्या बाजूला गिऱ्हाईक. विकणारी आमच्यातली, गिऱ्हाईक भिंतीपलीकडचं. ‘टुंबा लिकी झरपट?’ ‘खुंईं! मोलू मोलू दिग्गा!’ भाव कळत होता. वांगं किडकं आहे हे कळत होतं. सकाळपासून बोहनी झाली नाही हेसुद्धा कळलं. घासाघीस रंगली, आवाज चढले, आणि ऐन भरात विकणारीच्या तोंडून निघून गेलं: ‘ब्याड! ब्याड!’ कन्नडमधलं नको, नको. आणि त्याच दमात तो मुलगा म्हणाला, ‘बास की आता!’

एक क्षण सगळे गप्प. भाषा सुटली होती आणि सुटताना ज्याची त्याच्याकडे न जाता समोरच्याकडे गेली होती. मग जो हशा झाला त्याने शेजारच्या खोलीतून हेडसर बघायला आले. बाजारात आपण रोज हेच करतो, विकणाऱ्याच्या भाषेत भाव पाडतो, म्हणून तसं झालं असेल. बाईंनी त्यावर एक शब्द काढला नाही. ‘पुढचे दोघे या’ एवढंच म्हणाल्या. आज मी स्वतः शिक्षक आहे, आणि त्या जागी असतो तर नक्की दहा मिनिटं एकात्मतेवर बोललो असतो.

स्नेहसंमेलनाचं थोडक्यात सांगतो. नाटक विणकर पेठेतल्या एका दिवसाचं होतं, सगळं या खेळांतून जमवलेलं. वाचणाऱ्याला वाटेल की ऐन प्रयोगात खरोखरच लाईट गेली असेल. गेली नाही. शाळेने खबरदारी म्हणून जनरेटर भाड्याने आणला होता आणि तो मंडपामागे इतका धडधडत होता की माझं एकमेव स्वगत पहिल्या रांगेलासुद्धा ऐकू गेलं नाही. माग मात्र शेवटच्या रांगेतल्या आज्यांनाही कळला. त्यांनी तर धोटा पळताना हातसुद्धा हलवले म्हणे.

पुढे मी खानापूर तालुक्यात मराठी प्राथमिक शाळेत लागलो. तिथे पहिल्याच वर्षी वर्गात ओरडलो, ‘लाईट गेली!’ पोरं माझ्याकडे बघत राहिली. त्यांच्या गावात लाईट जाण्यात नवल काय? असली तर नवल. महिनाभर तो खेळ जमला नाही. मग भातकापणीच्या दिवसांत एका मुलाने सांगितलं, रात्री शेतात गवा आला होता आणि आजोबा जागच्या जागी खांब होऊन उभे राहिले. झालं. तेव्हापासून आमच्याकडे ‘गवा!’ म्हणतात, आणि वर्ग असा थिजतो की श्वास ऐकू येतो. नलीकलीच्या, म्हणजे कर्नाटकातल्या कृतीतून शिकण्याच्या पद्धतीच्या, लहान वर्गांतसुद्धा चालतो हा खेळ.

ज्यांना आपल्या शाळेत हे करून बघायचंय त्यांच्यासाठी ठेचा खाऊन शिकलेल्या दोन-चार गोष्टी. चुकला त्याला ‘आऊट’ करून भिंतीशी बसवू नका. ज्याला खेळाची गरज असते तोच पहिल्यांदा आऊट होतो. त्याला खांद्याला बोट लावायचं काम द्या. सहावी-सातवीत मुलगा-मुलगी हात धरायला लाजतात, तेव्हा मधे सुतळीचा तुकडा द्या, दोन टोकं दोघांनी धरायची. आरशाचा खेळ, म्हणजे समोरासमोर उभं राहून एकाने करायचं ते दुसऱ्याने करायचं, अगदी सावकाश घ्या. समोरच्याला चुकवण्याची शर्यत झाली की तो खेळ मेला. बघणाऱ्याला कळता कामा नये की कोण पुढे आणि कोण मागे. पंधरा मिनिटं पुरे. आणि शेजारच्या वर्गाच्या बाईंना आधी सांगून ठेवा.

प्रतिभा कारंजीला, म्हणजे कर्नाटकातल्या शालेय कलास्पर्धांना, हल्ली पोरं घेऊन जातो तेव्हा दिसतं, मोठ्यांच्या आवाजात रेकॉर्ड केलेले संवाद वाजतात आणि मुलं नुसते ओठ हलवतात. बक्षीसही मिळतं. मला बोलायचा अधिकार किती आहे ते वर लिहिलंच आहे, तरी बघवत नाही.

काही वर्षांपूर्वी शिक्षकांच्या एका शिबिरात कळलं की असले खेळ जगभर खेळतात. शिकागोच्या व्हायोला स्पोलिन (१९०६–१९९४) या बाईंनी त्यांची शिस्तशीर मांडणी केली. १९३०च्या दशकाच्या शेवटी त्या तिथल्या वस्त्यांत नाटकाचं काम करत होत्या. परदेशांतून येऊन राहिलेल्यांची मुलं, घरोघरी वेगळी भाषा. तिथे ‘असा अभिनय कर’ असं शब्दांनी सांगून भागेना, म्हणून त्यांनी खेळ रचले. आरसा, बिनभाषेचा खेळ, सगळं होतं त्यात. मी थक्क. महोत्सवाचं आमंत्रण द्यायला बाईंकडे गेलो तेव्हा मोठ्या उत्साहाने सांगितलं. बाईंनी चहा पुढे केला आणि विचारलं, ‘शिकागोत माग आहेत काय?’ त्यांनी कुठे काय शिकलं होतं हे त्यांनी तेव्हाही सांगितलं नाही.

गेल्या महिन्यात माझ्या सातवीने वीटभट्टी केली. माती कालवणारे, साचा मारणारे, डोक्यावरून विटा वाहणाऱ्यांची रांग, आणि मी मुकादम. नियम जुनाच: कुणीतरी गुपचूप थांबणार, मुकादमाने ओळखायचं. मी या वेळी कुणाकडे म्हणजे कुणाकडेही पाठ केली नाही. डोळ्यांत तेल घालून बघत होतो. साचा चालू, रांग चालू, माती चालू. सगळं ठीक आहे म्हणून मान हलवली, तेवढ्यात माझ्या कोपराजवळून आवाज आला.

‘सर, मी थांबून लई वेळ झाला.’