स्तोत्र ८८ आणि रात्रीची गोळी

जिल्हा रुग्णालयातल्या मनोविकार विभागाबाहेरच्या बाकावर बसून मी एकच प्रार्थना करत होते: प्रभू, आपल्या चर्चच्या मंडळीतलं कुणी इथे दिसू नये. मान वर केली तर समोर आमच्या गायनमंडळातले एक काका, हातात कोपरे झिजलेली फाईल. त्यांनी शेजारी जागा करून दिली आणि म्हणाले, "पहिल्यांदाच आलीस ना? केस पेपर वर ठेव, आधी तोच मागतात." काका कित्येक वर्षं गोळ्या घेत होते. दर रविवारी पहिल्या रांगेत उभं राहून खणखणीत गाणारा माणूस, आणि मंडळीत कुणाला पत्ता नाही.

आम्ही नगरचे. कागदोपत्री आता अहिल्यानगर. माझी आजेसासू पंडिता रमाबाईंच्या केडगावच्या मुक्ती मिशनमध्ये वाढलेली, माहेरही तीन पिढ्या ख्रिस्ती. इथे शाळा, दवाखाना, चर्च, कबरस्तान सगळीकडे माणसं ओळखीची, त्यामुळे घरातली गोष्ट घरात राहत नाही. माझे यजमान एप्रिल २०२१ मध्ये कोविडने गेले. तेव्हा अंत्यविधीला वीस माणसांची मर्यादा होती आणि मी स्वतः पॉझिटिव्ह म्हणून खोलीत बंद. मुलाने व्हिडिओ कॉल लावला. पीपीई किट घातलेली माणसं, घाईत म्हटलेली प्रार्थना, मग नेटवर्क गेलं. गीत झालं की नाही हेही मला नंतर विचारावं लागलं. झालं नव्हतं.

मी रडले नाही. लोकांना ते आवडलं. "विश्वास असावा तर असा," असं माझ्याबद्दल बोललं जायचं. मी जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षिका. ऑनलाइन वर्ग होते, बँकेची कागदपत्रं होती, वारसनोंद होती. वर्ष निघून गेलं. मग पहाटे तीनला जाग यायला लागली आणि जाग आली की उजाडेपर्यंत छताकडे बघत पडायचं. वह्या तपासताना एकच ओळ पुन्हा पुन्हा वाचायची. भाजीत मीठ आहे की नाही कळेना. बायबल उघडलं की अक्षरं दिसत, पण वाचलेलं आत जात नसे. प्रार्थनेला डोळे मिटले की दुःखही नाही आणि रागही नाही, नुसतं रिकामं. आणि त्या रिकाम्यात एक विचार हळूच येऊन बसलेला: रात्री झोपावं आणि सकाळी उठूच नये, तर किती बरं.

मंडळीतल्या बायका येत. त्यांच्याविषयी वाईट बोलणार नाही. आम्ही सगळे आजारी असताना दाराशी डबा ठेवून जाणाऱ्या त्याच होत्या. पण बसल्या की बोलणं एकाच वळणाने जायचं. ते प्रभूमध्ये निजले आहेत, तू आनंद कर. घरी उपास-प्रार्थना ठेवली. बाहेरगावाहून एक उपदेशक आले. त्यांनी सांगितलं की अशी उदासी म्हणजे कुठेतरी कबूल न केलेलं पाप किंवा सैतानाचा हल्ला, आणि मनाच्या गोळ्या घेणं म्हणजे प्रभूवर अविश्वास. नंतर त्यांनी चहा बिनसाखरेचा मागितला आणि आपली मधुमेहाची गोळी घेतली. मला तेव्हा हसू यायला हवं होतं. तेवढीही ताकद नव्हती.

माझी नणंद परिचारिका आहे. तिने सुट्टी टाकली आणि "वहिनी, वाद नको, पायात चपला घाल," एवढंच म्हणून मला घेऊन गेली.

डॉक्टरांनी आधी रक्त तपासायला पाठवलं. थायरॉईड, हिमोग्लोबिन, बी-१२. यांतलं काही कमी-जास्त असलं तरी माणूस असाच थकतो आणि मनाने खचतो, ते आधी बघायचं असतं. मग एक नऊ प्रश्नांचा कागद दिला. गेल्या दोन आठवड्यांत झोप कशी, भूक कशी, कशात मन लागतं का. प्रत्येकाला शून्य ते तीन गुण, एकूण सत्तावीस. नववा प्रश्न मरणाच्या विचारांचा. संडे स्कूलमध्ये दहा आज्ञा शिकवणारी बाई त्यावर काय लिहिणार? मी खरं ते लिहिलं. डॉक्टर दचकले नाहीत. काही ठरवलं आहे का, कसं ते मनात आलं आहे का, असं सरळ विचारलं. मग नणंदेला सांगितलं की घरात यजमानांच्या उरलेल्या गोळ्या आणि कीटकनाशक असेल तर आजच बाहेर काढा. या विचाराबद्दल विचारल्याने तो वाढत नाही, उलट माणसाला श्वास घेता येतो. हे मी त्या खुर्चीत बसून अनुभवलं.

त्याच सुमारास, ऑक्टोबर २०२२ मध्ये, सरकारची टेली मानस हेल्पलाइन सुरू झाली होती. नणंदेने १४४१६ हा नंबर फ्रिजवर चिकटवला. फुकट आहे, दिवसरात्र चालते, मराठीत बोलता येतं. एका रात्री मी तो लावलाही. पलीकडच्या बाईने बायबलमधलं एकही वचन सांगितलं नाही, आणि मला बरं वाटलं.

गोळीबद्दल सगळं आधीच सांगितलं गेलं. पहिले काही दिवस मळमळेल, थोडं अस्वस्थ वाटेल. परिणाम दिसायला दोन ते चार आठवडे, पुरता दिसायला त्याहून जास्त. या गोळीची नशा किंवा चटक लागत नाही, पण मनाने एकदम बंद करायची नाही. बरं वाटायला लागल्यावरही निदान सहा महिने चालू ठेवायची, नाहीतर दुखणं उलटतं. झालं बरंचसं तसंच. आधी झोप आली, मग आमटीची चव आली. आणि एका दुपारी कपाट आवरताना यांचा चष्मा हाती लागला, काचेवर त्यांच्या अंगठ्याचा ठसा तसाच, आणि मी जमिनीवर बसून रडले. संध्याकाळ झाली तरी थांबेना. मुलगा घाबरून डॉक्टरांना फोन करायला निघाला. त्यांनी शांतपणे सांगितलं, रडू द्या.

समुपदेशक मुलगी वयाने माझ्या मुलाच्या आसपास, आणि हिंदू. हिला आपलं काय कळणार, असं मनात होतंच. तिने विचारलं, "तुमच्यात माणूस गेल्यावर काय काय करतात?" मी सांगितलं: देह घरी आणतात, रात्रभर गीतं म्हणतात, चर्चमध्ये उपासना, मग कबरस्तानात प्रत्येकजण मूठभर माती टाकतो, काही दिवसांनी स्मरणाची प्रार्थना. "यातलं तुमच्या वाट्याला काय आलं?" काहीच नाही. ती थोडा वेळ गप्प राहिली आणि म्हणाली, "तुमच्या बायबलमध्ये देवाशी कुणी भांडतं का हो? असेल तर पुढच्या वेळी मला वाचून दाखवा."

उत्तर मला माहीत होतं. वीसेक वर्षं मी मुलांना शिकवत आले होते. पण स्वतःसाठी म्हणून ते शोधायला घरी जाऊन बसले तेव्हा पुस्तक वेगळंच वाटलं. स्तोत्रसंहितेतल्या दीडशे स्तोत्रांपैकी सुमारे एक तृतीयांश विलापाची आहेत. तेराव्यात दावीद देवाला एकच प्रश्न चार वेळा विचारतो, कुठवर? बहुतेक विलाप शेवटी वळतात. दोन ओळी स्तुतीच्या येतात आणि वाचणाऱ्याचा जीव भांड्यात पडतो. अठ्ठ्याऐंशीवं मात्र वळत नाही. तो माणूस दिवसरात्र हाका मारतो, तू तोंड का लपवतोस म्हणून विचारतो, जिवलगांना तू माझ्यापासून दूर केलंस म्हणतो आणि अंधारातच थांबतो. पुढे काही नाही. ज्यांनी स्तोत्रं जमवली त्यांनी त्याला शेपूट जोडून ते गोड केलं नाही, तसंच ठेवलं, देवाच्या घरात म्हणायला. चर्चमध्ये आम्ही ते म्हटलेलं मला आठवत नाही.

तेच बायबलमधल्या विलापगीत या पुस्तकाचं. आमच्या प्रत्येकाच्या भिंतीवर वचनाचं कॅलेंडर असतं आणि त्यात एक महिना तरी तिसऱ्या अध्यायातला असतो: देवाची दया रोज सकाळी नवी होते. वचन खरंच सुंदर आहे. पण पुस्तक पाच अध्यायांचं आहे आणि ते वचन मधोमध येतं. त्यानंतर पुन्हा उपासमार, उजाड रस्ते, आणि शेवट, तू आम्हाला अगदीच टाकलंस का, या धास्तीवर होतो. ते पान कुठलाच छापखाना कॅलेंडरवर घेत नाही.

मुलंबाळं, गुरंढोरं सगळं गमावलेल्या ईयोबाकडे मी रागानेच वळले होते, कारण दुःखी माणसाला तो हमखास ऐकवतात. सुरुवातीलाच त्याचे मित्र सात दिवस सात रात्री त्याच्याजवळ मातीत बसतात, कुणी एक शब्द बोलत नाही. त्यांनी केलेलं तेवढंच काम चांगलं. नंतर ते तोंड उघडतात, त्याचंच पाप शोधतात, आणि शेवटी देव त्यांनाच सांगतो की तुम्ही बरोबर बोलला नाहीत. आणखी एक गोष्ट मला तेव्हाच दिसली. ईयोबाला गुरंढोरं दुप्पट परत मिळतात, मुलं मात्र आधी होती तेवढीच, दहा. गेलेली दहा परत येत नाहीत. हा शेवट सुखाचा म्हणून सांगणाऱ्यांनी ईयोबाच्या बायकोला विचारावं.

समुपदेशक मुलीला मी एलीयाची गोष्ट वाचून दाखवली. कर्मेल डोंगरावर एवढा विजय मिळवलेला संदेष्टा थोड्याच दिवसांत रानात झुडपाखाली बसून म्हणतो, पुरे झालं, माझा प्राण घे. देवदूत त्याला उपदेश करत नाही, पाप शोधत नाही. भाकरी आणि पाणी ठेवतो, झोपू देतो, परत उठवून खाऊ घालतो. ती म्हणाली, "मग मी तुम्हाला जे वेळापत्रक दिलंय, उठणं, चालणं, जेवणं, ते तुमच्याकडे आधीपासून आहेच की." मला तिचं म्हणणं आवडलं, आणि थोडा हेवाही वाटला.

रोज झोपताना मी गोळी घ्यायची आणि अठ्ठ्याऐंशीवं स्तोत्र मोठ्याने म्हणायची. दुसरं काही नाही. माझे शब्द सापडत नव्हते तेव्हा दुसऱ्याचे वापरले. तिच्या सांगण्यावरून यांना पत्रही लिहिलं. त्यात प्रेम कमी आणि राग जास्त निघाला: मास्क न लावता लग्नाला गेल्याचा, विम्याची फाईल कुठे ठेवली ते न सांगितल्याचा. देवालाही एक लिहिलं. ते दाखवण्याजोगं नाही.

याच काळात आजेसासूची आठवण येई. पंडिता रमाबाईंचं नाव आमच्या घरात आदराने घेतात, पण घेतात ते खंबीरपणाचं उदाहरण म्हणून. १८७०च्या दशकातल्या दुष्काळात आई-वडील आणि बहीण, १८८० मध्ये भाऊ, १८८२ मध्ये नवरा, आणि जुलै १९२१ मध्ये एकुलती एक मुलगी मनोरमा. पुढच्या एप्रिलमध्ये बाई स्वतः गेल्या. आजेसासू तेव्हा तिथे लहान मुलगी होती. ती यादी कुणी मला सलग वाचून दाखवली नव्हती. आम्हाला रमाबाईंची फक्त कामं पाठ.

आमच्या पाळकसाहेबांना मी सगळं सांगितलं, अगदी गोळ्यांसकट. ते उपदेश करतील म्हणून मी तयारीने गेले होते. त्यांनी विचारलं, "तुमच्यासारखी अजून किती घरं असतील?" आमच्याकडे उत्तम शुक्रवारी, म्हणजे गुड फ्रायडेला, येशूच्या वधस्तंभावरच्या सात उद्गारांची उपासना असते. चौथा उद्गार, माझ्या देवा, तू माझा त्याग का केलास. तो बाविसाव्या स्तोत्राचा पहिला चरण. ज्याच्या वाट्याला येतो तो उपदेशक पाच मिनिटांत त्याचं स्पष्टीकरण देऊन मोकळा होतो. मग रविवारी पहाटे पुनरुत्थानाची उपासना. मधल्या शनिवारी काही नाही, चर्चची झाडलोट आणि फुलं. २०२३ मध्ये पाळकसाहेबांनी त्या शनिवारी संध्याकाळी अंत्यविधीविना गेलेल्यांसाठी उपासना ठेवली. नावं वाचली गेली. अठ्ठ्याऐंशीवं स्तोत्र त्यांनी पूर्ण वाचलं आणि खाली बसले. उपदेश नाही. एका वडीलधाऱ्यांना ते खटकलं. उपासनेचा शेवट आशेने व्हायला हवा असं त्यांनी नंतर सुनावलं. पाळकसाहेब म्हणाले, "आशा उद्या सकाळी साडेपाचला आहे, या."

गीतं मात्र झाली. राहिलेली सगळी. नारायण वामन टिळकांची अभंगाच्या चालीची गीतं मी लहानपणापासून ऐकत आले आहे. त्यांना पेटी आणि तबला लागतो, इंग्रजी चालीच्या गीतांसारखं ताठ उभं राहून म्हणता येत नाहीत. माझी प्रार्थना अजून परतली नव्हती, पण आवाज निघाला. काका पुढे गात होते. मधे एकदा त्यांचाच आवाज फुटला, आणि मागून बायकांनी ओळ उचलली.

पूर्ण बरी झाले असं म्हणता येणार नाही. शाळेत मन लागतं, झोप लागते, डॉक्टरांकडे अंतराअंतराने जाते. प्रार्थना येते तेव्हा येते. नाही आली तर स्तोत्रसंहिता आहेच. काही बायका अजून विचारतात, "गोळ्या सुटल्या का गं?" मी विचारते, "तुमची बीपीची सुटली का?" गेल्या भेटीत डॉक्टर म्हणाले, आता डोस हळूहळू कमी करायला हरकत नाही. मी म्हटलं, एप्रिल तेवढा जाऊ द्या. त्यांनी कागद पुढे ओढून मे महिन्याची तारीख लिहिली.