“वडील नव्हते, त्याचा तुझ्यावर काय परिणाम झाला?”

मला बघायला आलेल्यांनी हे विचारलं, ऑफिसात विचारलं. आता नवऱ्यापासून वेगळं व्हायच्या विचारात असलेल्या मैत्रिणी विचारतात, “खरं सांग.” त्यांना माझं नाही, स्वतःच्या लेकराचं काय होईल ते ऐकायचं असतं. तुम्हीही विचारलंत, म्हणून एकदाच सगळं सांगते.

पंचविशीत मी ठणकावून म्हणायचे, “आईच माझी आई आणि बाबा.” आज हे वाक्य मला आईवर अन्याय करणारं वाटतं. ती बाबा नव्हती. दिवसभर पिको-फॉल, रात्री ब्लाउज शिवून चिडलेली, दमलेली आई होती. काज-बटणं माझ्याकडे. नवव्या वर्षी मला पतपेढीच्या हप्त्याची तारीख पाठ होती. लोक ‘समजूतदार पोर’ म्हणायचे. ते कौतुक मला आज सोसत नाही.

बारावीनंतर राखीव जागेवर इंजिनिअरिंगला जायचं, तर जात पडताळणी हवी. वाढवलं आईनं, पण पुरावे वडिलांकडचे. त्यांचा शाळा सोडल्याचा दाखला आणायला आम्ही एसटीनं त्यांच्या गावी गेलो. आई स्टँडवरच थांबली. म्हणाली, “तू जा, मी पिशवी सांभाळते.” पिशवीत पाण्याची एक बाटली होती.

दार सहा-सात वर्षांच्या मुलानं उघडलं. भुवया थेट माझ्यासारख्या. “पप्पा, एक ताई आल्यात,” म्हणत त्यानं पाणी आणून दिलं. वडिलांनी ट्रंकेतून दाखला काढला, त्याला झेरॉक्सला पिटाळलं. तो येईपर्यंत आम्ही दोघंच. आता आईचं विचारतील, मग मी काय काय सुनवायचं, हे गाडीत बसल्यापासून ठरवलेलं होतं. त्यांनी विचारलं, “मार्क किती पडले?” मी सांगितले. “हुशार आहेस,” म्हणाले.

आणि मला आनंद झाला. इतका, की स्टँड येईपर्यंत मी ते दोन शब्द घोळवत चालले होते. आई दिसली आणि मेल्याहून मेल्यासारखं झालं. तिनं विचारलं, “काय म्हणाले?” मी म्हटलं, “काही नाही.”

सारा मॅक्लानहन आणि गॅरी सँडेफर या अमेरिकी समाजशास्त्रज्ञांनी १९९४ मध्ये मांडलं, की एका पालकाकडे वाढलेली मुलं मागे पडतात त्यातला जवळपास निम्मा वाटा कमी उत्पन्नाचा असतो. त्यांचा अभ्यास तिकडचा, तरी वाचून मी हरखले होते: बघा, कमी होती ती पैशाची! मग उरलेल्या निम्म्याचं काय? पैसा असता तर त्या दोन शब्दांची भूक लागली नसती का? आणि वडील घरात राहून रोज भांडले असते, तर मी कशी झाले असते? दर वेळी माझं उत्तर बदलतं.

१ मे २०२४ पासून जन्मलेल्या मुलांच्या सरकारी कागदांवर आपल्याकडे वडिलांच्या आधी आईचं नाव लागतं. ते वाचून मी रडले, एवढं नक्की.

तुमची मुलगीही कधीतरी “काही नाही” म्हणेल. तेव्हा तिला परत विचारा, असं सांगायला तोंड उघडते आणि थांबते. माझ्या आईनं परत विचारलं नाही. त्याबद्दल तिचे उपकार मानते. आणि रागही येतो, अजून.